आतून ओली

१

लखनौत मे महिना लागला की माणसं दुपारची दारं लावून घेतात. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं, कूलरमध्ये बादल्या ओतायच्या, आणि ‘लू’चा तापलेला वारा वाहत असेतो रस्त्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. वसुधा बेहेरेला मात्र ऊन-पावसाचं सोयरसुतक नव्हतं. निशातगंजजवळच्या एका संशोधन संस्थेत, तळमजल्यावर, हिरवा कागद डकवलेल्या खिडकीपाशी ती दिवसभर माती बघत बसे.

काम सांगायला सोपं होतं. जुन्या खापराचा कपचा घ्यायचा, काचेवर चिकटवायचा आणि घासत घासत इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कळे, माती कुठल्या नदीकाठची, वाळू कुठल्या डोंगराची, भाजताना लाकूड जाळलं की शेण. साताऱ्याहून लग्न होऊन इथे आली तेव्हा ती नुसती पदवीधर होती. नवरा चंद्रहास रेल्वेच्या संशोधन केंद्रात इंजिनियर, मानक नगरला क्वार्टर. पुढे ती शिकली, इथे लागली, आणि पंधरा-सोळा वर्षं एकाच स्टुलावर बसून कामात मुरली. मुलगी विभा आता सातवीत जाणार होती. आईबाप मराठीत बोलत आणि ती उत्तरं हिंदीत देई.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, परदेशातल्या एका विद्यापीठाने खोकंभर खापरं पाठवली होती. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या उतारावर सापडलेल्या मातीच्या बाहुल्यांची. सगळ्यांचा चुरा झालेला. एकच त्यातल्या त्यात धड होती. वीतभर उंचीची बसलेली बाई, ओठ जरासे विलग, दोन्ही तळवे पोटावर. डोकं मानेपाशी निखळलं होतं, त्यामुळे आतली पोकळी दिसे. मान इतकी अरुंद की वसुधाची करंगळी तेवढी आत जायची.

विभागप्रमुख डॉ. सरला माथुर निकाल बघून हरखून गेल्या होत्या. एका बाहुलीत किती ठिकाणची माती! नदीची, डोंगराची, खाऱ्या तळ्याची. एकत्र मळलेली, पण पुरती मिसळलेली नाही. जणू घराघराने आपापली मूठ आणून टाकली होती. माती भाजताना तडकू नये म्हणून तिच्यात जुन्या बाहुल्या कुटून घातल्या होत्या, आणि त्या चुऱ्याच्या कणांतही आणखी जुना चुरा दिसत होता. आतल्या बाजूने अंगठ्यांचे ठसे होते, माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून. मोठे, लहान, पोरासोरांचे.

“वसुधा, यह किसी एक कुम्हार का काम नहीं है,” माथुर मॅडम म्हणाल्या. “पूरा गाँव लगा है इसमें. घर में जितने हाथ, सब के सब.”

“पर मैडम, किसलिए?”

“वह हमसे किसने पूछा है? हमें तो मिट्टी बतानी है.”

दोघी हसल्या. मॅडम गेल्यावर वसुधाने सहज करंगळी बाहुलीच्या मानेतून आत घातली. आतले ठसे बोटाला लागावेत, एवढंच मनात होतं.

बोट बाहेर आलं ते ओलं होऊन.

२

मातीत क्षार असले की ती हवेतलं पाणी ओढून घेते, हे वसुधाला ठाऊक होतं. खाऱ्या तळ्याची माती आहे म्हटल्यावर तसंच असणार. फक्त हवेत पाणी असायला हवं होतं, आणि त्या दिवसांत लखनौच्या हवेत टिपूसही नव्हता. टेबलाचं लाकूड तडकत होतं, ओठ फुटत होते. कूलरचं पाणी उडालं असेल, असं म्हणून तिने बाहुली ओव्हनमध्ये ठेवून रात्रभर वाळवली. सकाळी बाहेरून ती खडखडीत कोरडी होती. आतून मात्र ओली, आणि त्या ओलीला वास होता. नुकत्याच तुडवलेल्या चिखलाचा.

एप्रिलमध्ये तिने आतल्या ठशांचा साचा घेऊन ठेवला होता. दातांचे डॉक्टर कवळीच्या मापासाठी वापरतात तो गुलाबी मसाला आत ओतायचा, रबरासारखा घट्ट झाला की दुमडून ओढून काढायचा. आता तिने तसाच दुसरा साचा घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. वेडेपणा आहे, हे तिचं तिलाच कळत होतं. हजारो वर्षांपूर्वी भाजलेली माती. तिच्यावर आता काय उमटणार?

मानेखाली एक जागा पहिल्या साच्यात मोकळी होती. दुसऱ्यात तिथे अंगठा होता. रुंद, पुरुषी, आणि त्यावर तिरका व्रण.

तो व्रण वसुधाने पाहिला होता, नव्हे, बांधला होता. प्रयोगशाळेतला गोपीनाथ काही वर्षांपूर्वी कापायच्या यंत्रावर काम करत असताना त्याच्या अंगठ्याला पातं लागलं. रक्ताने भिजलेल्या अंगठ्यावर तिनेच पट्टी गुंडाळली होती. गोपीनाथ मोठा तिरसट माणूस. चहा कडू का, पंखा हळू का, मेव्हण्याने स्कूटर परत का दिली नाही, दिवसभर त्याची कुरकुर चालायची. गेल्या आठवड्यात मात्र तो कुणाशी भांडला नव्हता. वसुधाला ते आत्ता जाणवलं.

“गोपीनाथ, तुमने इसके अंदर हाथ डाला था?”

“मेरा हाथ?” तो हसला. “मैडम, इसमें तो मेरी उँगली न जाए.”

तेही खरंच होतं.

“अंगूठा दिखाओ ज़रा.”

त्याने निमूटपणे हात पुढे केला. दुसऱ्या हातात काचपट्ट्यांचा डबा होता, तो त्याने चिमटीत न धरता छातीशी कवटाळला होता. वसुधाने त्याचा अंगठा उजेडाकडे वळवला. व्रण नव्हता. व्रणच काय, एकही रेघ नव्हती. कलिंगडाच्या बीसारखा गुळगुळीत अंगठा.

“यह कब से?”

“क्या कब से?” गोपीनाथने विचारलं, आणि तिच्याकडे असा बघत राहिला की जणू तिनेच काही भलतं बोलून टाकलं होतं.

३

बाहुली तिने लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. माथुर मॅडमना काय सांगावं, हे ठरेना. साबणाने, अॅसिडने अंगठ्याची कातडी जाते. व्रणाचा भास असू शकतो. साचा काढताना मसाला ताणला जातो, आकार बदलतो. एकेक कारण पटण्यासारखं होतं, पण सगळी मिळून पटत नव्हती.

अशात चंद्रहास रुळांच्या चाचणीसाठी झाशीकडे गेला. शेजारच्या गीताकडे विभा एरवी थांबायची, तर गीताही माहेरी गेलेली. शाळेला सुट्टी लागलेली. मुलीला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून वसुधा तिला संस्थेत घेऊन आली. बाहुली कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, असं तिने मनाला दोनदा बजावलं. नंतर कैक वेळा तिला वाटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणाच्याही दारात मुलीला बसवून आले असते तर! पण तसं तिला त्या सकाळी वाटलं नाही.

विभा चित्रांचं पुस्तक घेऊन शहाण्यासारखी बसली. मध्ये मॅडमनी बोलावलं म्हणून वसुधा वर गेली. आली तेव्हा पुस्तक टेबलावर पालथं होतं आणि विभा कपाटाच्या दाराला कान लावून जमिनीवर बसली होती.

“विभा! काय करतेस गं तिथे?”

“श्श! आई, अंदर बहुत सारे लोग हैं.”

“कोण लोक?”

“पता नहीं. काम कर रहे हैं. बात नहीं करते, सिर्फ़ पैरों की आवाज़ आती है. छप, छप.”

वसुधाने कान लावला. लोखंड थंडगार होतं. कूलर घरघरत होता. त्या घरघरीच्या तळाशी काही असेल नसेल, पण ते नीट ऐकायचं धाडस तिला झालं नाही. तिने मुलीला दंडाला धरून उठवलं.

“हात लावलास त्या बाहुलीला?”

“कैसे लगाऊँगी? चाबी तो आपके पास है.”

किल्ली पर्समध्येच होती. कुलूपही जसंच्या तसं.

संध्याकाळी जेवताना विभाच्या हातून पेला निसटला. मग चमचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रॉकचं बटण काही केल्या तिला लावता येईना. ती चिडली नाही, रडली नाही. लावता येत नाही म्हणून तशीच बसून राहिली, आणि एरवी एवढ्याशा गोष्टीवरून घर डोक्यावर घेणारी पोर ती!

चंद्रहासच्या टेबलावर शिक्क्याचं जांभळं पॅड होतं. वसुधाने ते आणलं. कोऱ्या कागदावर विभाची बोटं एकेक करून टेकवली. तर्जनी नीट उमटली, मधलं बोट उमटलं. अंगठ्याच्या जागी जांभळा, सपाट, अंडाकृती डाग. त्याच्या शेजारी तिने स्वतःचा अंगठा टेकवला. रेषा होत्या, सगळ्या. त्या बघून जिवाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला तत्क्षणी शरम वाटली.

“दुखता है, बेटा?” तीही हिंदीत बोलून गेली.

“नहीं तो. हल्का लगता है.”

४

दिवाळीत दाराच्या चौकटीला रंग दिला तेव्हा विभाने ओल्या रंगावर अंगठा टेकवला होता. चंद्रहास रागावला होता, पण तो ठसा राहूनच गेला. दोन भोवऱ्यांचा, जरा डावीकडे कललेला. वसुधाने त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल फिरवली आणि विभाला समोरच्या घरी बसवून तो घेऊन संस्थेत आली. तिसरा साचा काढायला तिचे हात धजत नव्हते. काढला.

गोपीनाथच्या ठशाला लागून एक लहान अंगठा होता. दोन भोवऱ्यांचा. डावीकडे कललेला.

ती तडक वर गेली आणि माथुर मॅडमपुढे सगळं ओतलं. ओल, वास, व्रण, लेकीचा अंगठा. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. या बाईला वसुधाने मोठमोठ्या सायंटिस्टांशी तासन्तास हुज्जत घालताना पाहिलं होतं. आता ‘सबूत क्या है’ एवढं जरी त्यांनी विचारलं असतं तरी वसुधा त्यांच्या पाया पडली असती.

मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला. दोन्ही तळव्यांमध्ये धरून, लहान मूल धरतं तसा.

“मैडम,” वसुधा म्हणाली. “अपना हाथ दिखाइए.”

“क्या करोगी देखकर? तुम्हें लगता है, कुछ चला गया है.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला, हनुवटीवरून ओघळलेलं पुसलं नाही. “गया कुछ नहीं है, वसुधा. लग गया है. काम में लग गया है.”

“कौन-सा काम? कोई बताए तो सही!”

“इतने हाथ लगे हैं,” मॅडम खिडकीच्या हिरव्या कागदाकडे बघत म्हणाल्या, “किसी ने पूछा होगा क्या?”

त्यांचा चेहरा इतका निवांत होता की वसुधाला कळून चुकलं, आपण ज्या बाईशी बोलायला वर आलो ती आता इथे नाही.

५

मग तिने बाहुली फोडली.

भर दुपारी, दार आतून लावून. मोठ्या लोखंडी खलात ती ठेवली आणि बत्ता हाणला. आवाज झाला तो खापराचा नव्हता. ओलं लाकूड चिरतं तसा होता. वसुधा थांबली नाही. घामाने पदर भिजला, तळहाताला फोड आले, तरी कुटत राहिली. पोटावरचे तळवे गेले, विलग ओठ गेले, आतले अंगठे गेले. एका क्षणी तिच्या ध्यानात आलं की आपण एका लयीत कुटतोय आणि ती लय मोडता येत नाहीये. शेवटी खलात करड्या पिठाएवढा बारीक चुरा उरला. तो तिने काचेच्या भांड्यात भरला, झाकण लावलं, आणि जमिनीवर बसून हुंदके देत रडली. आता सुटलो, असं तिला वाटलं.

घरी जाऊन तिने विभाचा अंगठा पाहिला. तसाच होता. लगेच कसा भरून येईल, असं तिने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी भांडं रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, कुणीतरी ते धुऊन पालथं घातलं होतं.

“चूरा गोपीनाथ ले गया,” जिन्यावर भेटलेल्या माथुर मॅडम म्हणाल्या. “बहुत महीन कूटा तुमने. मिट्टी को यही चाहिए था.”

वसुधाने कठड्याला धरलं. जुन्या बाहुल्यांचा चुरा नव्या मातीत घालतात, हे तिनेच तर सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिलं होतं. आपण मोडतोड केली असं ती समजत होती. तिने तिच्या वाटचं काम केलं होतं.

चुरा घेऊन गेलेला गोपीनाथ कामावर परत आलाच नव्हता. निशातगंजच्या भाजीबाजारामागे गल्लीत त्याचं घर होतं, तिथे ती गेली. त्याची बायको उंबऱ्यात सुतळीने गाठोडं बांधत होती.

“बख्शी का तालाब की तरफ़ कोई बंद पड़ा भट्ठा है,” ती म्हणाली. “दोपहर को वहीं जाते हैं. मिट्टी में सने आते हैं और सो जाते हैं.”

“तुमने रोका नहीं?”

“क्यों रोकूँ? अब झगड़ते नहीं, बीबीजी. पीते नहीं. बीस बरस में पहली बार घर में शांति है.” सुतळी तिच्या बोटांतून निसटली. तिने पुन्हा धरली, पुन्हा निसटली. “बस, मेरी भी यह गाँठ अब नहीं लगती,” असं म्हणून ती गोड हसली.

६

चंद्रहास परत आला त्या रात्री नवराबायको बराच वेळ बोलत बसली.

“अगं, उन्हाचा त्रास झालाय तुला,” तो पहिल्यांदा म्हणाला. मग विभाच्या उशाशी बसून त्याने तिचा अंगठा भिंगाखाली धरला. भिंग खाली ठेवून म्हणाला, “डॉक्टरला दाखवू उद्या.”

“आणि डॉक्टर काय सांगणार?”

“काहीतरी सांगेल ना! काहीतरी कारण असतंच, वसुधा. रूळसुद्धा उगाच तडकत नाही.”

कातडीचा डॉक्टर म्हणाला, साबणाची अॅलर्जी आहे, मलम लावा, महिन्याभरात रेषा परत येतील. चंद्रहासने मलम घेतलं, रिक्षात विभाला मांडीवर घेतलं. घरी आल्यावर त्याने रजा टाकली. वसुधाने नोकरीवर जायचं नाही, विभाने घराबाहेर पडायचं नाही, साताऱ्याची तिकिटं मिळाली की निघायचं, असं दोघांनी ठरवलं. कित्येक दिवसांनी घरात कुणीतरी काहीतरी ठरवलं होतं. वसुधाने पिठलं-भात केला, आणि त्या घासाला तिला चव लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आंघोळ करून बाहेर आली तर बाहेरचं दार सताड उघडं. लूचा झोत सरळ घरात शिरत होता, पडदे छताला लागले होते. दारापाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेला चंद्रहास तसाच बसला होता.

“विभा कुठाय?”

“गेली.”

“कुठे गेली? अहो, तुम्ही इथेच होतात ना?”

“इथेच होतो. माथुर मॅडम गाडी घेऊन आल्या होत्या.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, चेहरा मात्र थिजलेला. “कडी मीच काढून दिली, वसुधा.”

“का? देवा, का पण?”

“तिला जायचं होतं. मला आठवेचना की मी नको का म्हणत होतो.”

तिने त्याच्या थोबाडीत मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. त्याने ती खाल्ली, आणि मग एकदम भानावर आल्यासारखा उठला. “स्कूटर काढतो,” म्हणाला. किक मारली. क्लच मात्र त्याच्या मुठीतून सुटत होता, सारखा सुटत होता. चौकातून वळताना मागे बसलेल्या वसुधाला हँडलवरची त्याची मूठ दिसली. तिने नजर काढून घेतली.

७

सगळं शहर ओलांडावं लागलं. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. नदीवरचा पूल, मग निशातगंज, मग उत्तरेकडचा लांबच लांब रस्ता. दुकानांची शटरं खाली होती, ते उन्हामुळेच असणार, असं वसुधा मनाला सांगत होती. एका झाडाखाली टेंपो उभे होते, ड्रायव्हर कुणीच नव्हते. हवाई दलाच्या विमानतळाचं कुंपण मागे पडलं, शेतं लागली. कापून नेलेल्या गव्हाची धसकटं, धूळ, आणि दूर एक विझलेलं धुराडं.

“तू हो पुढे,” चंद्रहासने रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. “मी इंजिन चालू ठेवतो. तिला घेऊन ये, की लगेच निघू.”

ते शहाणपणाचं बोलणं होतं. तेवढ्या आधारावर ती धावत निघाली.

आधी आवाज आला. छप, छप. मग वास. मग वीटभट्टीच्या ढासळत्या भिंतीला वळसा घातला आणि तिला खड्डा दिसला.

तळं म्हणावं एवढा मोठा खड्डा होता, आणि त्यात माणसं चिखल तुडवत होती. पोटऱ्यांपर्यंत पाय आत, हातात हात, रांगांमागून रांगा. गोपीनाथ होता. त्याची बायको होती. साडीचा काचा मारलेल्या माथुर मॅडम होत्या. निशातगंजला पाव विकणारा म्हातारा, मानक नगरच्या शाळेतल्या बाई, माहेरी गेलेली गीता. कुणी बोलत नव्हतं. कुणाला कुणी हाकत नव्हतं. पलीकडच्या काठाला धूळ इतकी होती की तिथली माणसं नीट दिसत नव्हती, पण ती बुटकी होती, डोक्याला जाड लोकरीचं काहीतरी गुंडाळलेलं होतं, आणि एवढ्या उन्हात त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ती तिथे फार आधीपासून असावीत, असं त्यांच्या पावलांवरून वाटत होतं.

त्यांच्या मागे मातीचा ढिगारा होता. विझलेल्या धुराड्याच्या खांद्याला लागेल एवढा. वसुधाने त्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीला शोधायला नजर वळवली. मग परत पाहिलं, कारण त्या ढिगाऱ्याला बेंबी होती.

धूळ जराशी विरळ झाली. मागच्या बाजूने माणसं ओंजळीत चिखल घेऊन त्याच्या आत जात होती. आत जाणारी दिसत होती, बाहेर येणारी नाही. वाऱ्याने पुन्हा धूळ उठवली.

“विभा!”

विभा खड्ड्याच्या मधोमध होती. वसुधा चपलांसकट आत उतरली, लोकांना ढकलत, कोपरं मारत तिच्यापर्यंत पोचली. कुणी अडवलं नाही. उलट जागा करून दिली. तिने मुलीचा हात धरून ओढला, आणि तो हात साबणाच्या वडीसारखा तिच्या मुठीतून सटकला. पुन्हा धरला. पुन्हा सटकला. मनगट धरलं, दंड धरला, कमरेला मिठी मारली. पण चिखलात उभं राहून जोर लावायला जावं तर पाय आणखी आत जात होता. गुडघा बुडाला. मांडीपर्यंत आलं. शेजारच्या माणसाने तिच्या दंडाला आधार देऊन पाय वर काढायला मदत केली, आणि वसुधाला आपसूक कळलं की इथे थांबलं की माणूस रुततो. पावलं टाकत राहिलं तर रुतत नाही.

म्हणून तिने पाऊल टाकलं. मग दुसरं.

विभाचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. केस कपाळाला चिकटले होते. तिला टोपीसुद्धा कुणी घातली नव्हती. वसुधाने आपला पदर तिच्या डोक्यावरून ओढून घेतला आणि चिखलाने भरलेल्या हाताने तो नीट बसवायला गेली. पदर चिमटीत येईना. मग तिने तळव्याने चापून बसवला. आपला अंगठा तिने पाहिला नाही.

उद्या आपण हिला घरी नेऊ, असा विचार तिच्या मनात आला. उद्या ही परत इथेच येईल, असाही आला. दोन्ही विचार सारखेच दूरचे वाटले. माती पायाखाली गार होती. छप. छप. तिचं पाऊल लेकीच्या पावलाबरोबर पडायला लागलं होतं.

रस्त्याकडून चंद्रहासची हाक आली. “वसुधा! मिळाली का गं?”

तिने ओ दिली नाही. तो अजून शुद्धीवर आहे, निघून जाऊ दे त्याला, एवढं एक मागणं तिने मनातल्या मनात मागितलं, कुणाकडे ते तिला ठाऊक नव्हतं. स्कूटरचं इंजिन लांबवर फटफटत होतं. ती कान लावून ते ऐकत राहिली. जोवर ते फटफटत होतं तोवर सगळ्या जगात एक तरी माणूस खड्ड्याबाहेर होता.

मग इंजिन बंद झालं. आणि भिंतीपलीकडे, अगदी हळू, कुणीतरी चपला काढून ठेवल्याचा आवाज आला.